१२४ पर्यंत

परवा सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर माझं अभिनंदन झालं. ‘आपल्या बी विंगमधील रहिवासी दुबई येथे बुर्ज खलिफाच्या १२४ व्या मजल्यापर्यंत जाऊन आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली सतरा अंगठे आणि दोन पुष्पगुच्छ. त्यातलं ते ‘पर्यंत’ मला अजून टोचतंय.

झालं असं की, आदल्या संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी आणि दुधाच्या दोन पिशव्या घेऊन मी लिफ्टमध्ये शिरलो. दार मिटता मिटता फटीत एक कोल्हापुरी चप्पल आली. चेअरमन.

“काय, दुबई करून आलात म्हणे! बुर्ज खलिफा?”

“वर जाऊन आलो की!” इथेच गप्प बसायला हवं होतं. पण तिकिटाचे पैसे अंगात बोलत होते. “८२८ मीटर उंच! लिफ्ट मिनिटभरात १२४ व्या मजल्यावर नेते.”

दहावीला बावन्न टक्के मिळालेल्या भाच्याकडे बघावं तशी माया त्यांच्या चेहऱ्यावर पसरली.

“१२४? १४८ ला नाही गेलात?”

दार चपलेवर आपटून मागे गेलं.

“त्याचं तिकीट फार—”

“अहो, इथून दुबई गाठायची आणि चोवीस मजल्यांसाठी माघारी यायचं? आमचे व्याही १४८ लाच गेले. वर अरबी कॉफी देतात. खजूर देतात.”

चेअरमन स्वतः दुबईला गेलेले नाहीत. त्यांनी व्याह्यांचे फोटो पाहिलेत. तेवढ्या भांडवलावर माझी उलटतपासणी चालू झाली.

“बुर्ज अल अरब?”

“पाहिलं. शिडासारखं. समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर आहे.”

“आत गेलात?”

“किनाऱ्यावरून पाहिलं.”

“म्हणजे बाहेरून. म्युझियम ऑफ द फ्यूचर?”

२०२२ साली उघडलेलं ते चकचकीत कडं, अंगभर अरबी अक्षरं, आणि ती अक्षरं म्हणजेच खिडक्या! हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं, पण खरं तेच बाहेर पडलं. “तिकिटं संपली होती.”

“बाहेरून,” त्यांनी नोंद केली. दार पुन्हा आपटलं.

“दुबई फ्रेमवर मात्र गेलो,” मी घाईने म्हणालो. “१५० मीटर उंच चौकट. एका बाजूला जुनी दुबई, दुसऱ्या बाजूला नवी. वर काचेची जमीन.”

“काचेवर उभे राहिलात?”

“हो.” हे साफ खोटं. मी कडेकडेने, भिंतीला पाठ घासत गेलो होतो.

मग त्यांच्यातला खरा चेअरमन जागा झाला. “बुर्जच्या एवढ्या काचा पुसतं कोण?”

“माणसं. एक फेरी पुरी व्हायला तीनेक महिने लागतात.”

“आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून. आपल्या टेरेसच्या वॉटरप्रूफिंगसारखंच. स्क्वेअर फुटाला मेंटेनन्स काय पडत असेल हो?”

मला जे मनापासून आवडलं ते त्यांनी विचारलंच नाही. अल फहिदीच्या जुन्या वस्तीतले वाऱ्याचे मनोरे. चारही बाजूंनी उघडे. वारा कुठूनही येवो, त्याला पकडून खालच्या खोलीत सोडायचं. वीज नव्हती तेव्हाची अक्कल ही. आणि आमचा घोडबंदर रोड! जो उठतो तो दुबईसारखी काच लावतो. माझ्या हॉलची आख्खी पश्चिम बाजू काचेची. उघडते वीतभर. एप्रिलात दुपारी चारला सोफ्यावर पापड वाळतील. ब्रोशरमध्ये ‘स्कायलाइन व्ह्यू’ म्हणून छापलं होतं. व्ह्यू दिसू नये म्हणून आम्ही जाड पडदे शिवून घेतले, त्याचे अठरा हजार वेगळे. फ्लॅटचे हप्ते अजून चौदा वर्षं आहेत. बिल्डरला हे सांगायला गेलो तर तिथल्या मुलीने एसीचे कॅटलॉग पुढे केले. वाळवंटातल्या माणसांना दगड-चुन्यात जमलं ते खाडीवर राहून आम्हाला जमत नाही, कारण वारा ब्रोशरमध्ये छापता येत नाही.

असो. चप्पल निघाली तोवर एक पिशवी ठिबकायला लागली होती.

रात्री मी (हा मूर्खपणा माझाच) खजुराचं पाकीट घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, पाकीट उलटं केलं, बारीक अक्षरं वाचली.

“हे सौदीचे आहेत,” ते म्हणाले. “दुबईचे नाहीत.”

पाकीट मात्र आत गेलं.