ग्राउंड मारून झालं, कायद्याचं काय?

पोलिसात जायचं तर पदवीलाच कायदा किंवा गुन्हेशास्त्र घ्या, असा सल्ला पोलीस करिअरवरच्या एका लेखात वाचला. पटला, पण अर्धाच. आमच्या यवतमाळकडे पोट्टे पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर मारतात, गोळा फेकतात, मग गणित अन् बुद्धिमत्ता. शिपाई भरतीत मैदानी 50 गुण, लेखी 100. त्या लेखीत कायदा विचारतो कोण भाऊ? पीएसआय, म्हणजे फौजदार, झाल्यावर मात्र त्याच्याशिवाय भागत नाही. अन् पोरांच्या हातात अजून जुन्या भादंविची (भारतीय दंड विधानाची) सेकंडहँड पुस्तकं! 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाचं कलम 302 आता 103 झालं, फसवणुकीचं 420 गेलं 318 मध्ये.

नुसती कलमं घोकून तरी काय होते? कापूसचोरीचा पंचनामा लिहायला लावा एकदा. गाडी कोणत्या धुऱ्यावरून (बांधावरून) शिरली, चाकोरी कुठवर दिसते, पंच कोण, सुरू केला किती वाजता, संपवला किती वाजता. नव्या फौजदारी कायद्यांत झडती-जप्तीचं चित्रीकरणही करावंच लागते. असं शिकवणारा वर्ग तालुक्याच्या ठिकाणी कुठं आहे, तेवढं लेखकानं सांगायला पाहिजे होतं.