सोडलेले दोन मजले परत का घेतले नाहीत

आमच्या कंपनीच्या जागेचा भाडेकरार यंदा पुन्हा नूतनीकरणाला आला आहे. त्या निमित्ताने नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत अनेकांनी मला गेल्या काही वर्षांत सातत्याने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर सविस्तर लिहावे असे वाटले. प्रश्न असा, की कोरोनाची साथ ओसरून इतका काळ लोटला, तरी तुमच्या कंपनीतली निम्मी माणसे अजून घरूनच काम कशी करतात, आणि मालकांना ते चालते कसे? मी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रशासन विभाग सांभाळते. जागा, बस, कॅन्टीन, वीज, सुरक्षारक्षक आणि सोडून जाणाऱ्या माणसांचे अखेरचे हिशेब या साऱ्यांची कागदपत्रे माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे या प्रश्नाकडे मी ज्या बाजूने पाहते ती बाजू सहसा चर्चेत येत नाही.

मार्च २०२० मधला तो आठवडा मला अजून दिवसवार आठवतो. आमच्याकडे लॅपटॉप मोजक्या लोकांना दिलेले होते आणि बाकी सगळे डेस्कटॉपवर काम करत. टाळेबंदी लागू होणार हे दिसू लागताच आम्ही टेम्पो ठरवला. मॉनिटर, सीपीयू आणि कीबोर्ड जुन्या चादरींत व पुठ्ठ्यांत बांधून, प्रत्येक खोक्यावर नाव आणि पत्ता लिहून, हडपसर, कोथरूड, चिंचवड, आळंदी रस्ता असे घरोघर पोहोचवले. काही खोकी त्याहून लांब, सांगली आणि साताऱ्यालाही गेली. त्या वेळी आमच्यापैकी प्रत्येकाला हेच वाटत होते, की महिना-दीड महिन्याने हीच खोकी उलट दिशेने परत आणायची आहेत. ती परत आली नाहीत. नंतर त्या डेस्कटॉपांच्या जागी लॅपटॉप आले, आणि कामाची मूळ व्यवस्थाच बदलून गेली.

त्याआधी घरून काम करणे अवघड होते, आणि त्यामागे केवळ मालकांचा अविश्वास नव्हता. कॉल सेंटर आणि बीपीओ (इतर कंपन्यांची कामे कंत्राटाने करणाऱ्या) क्षेत्रातल्या कंपन्यांना दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागे, आणि कर्मचाऱ्याला घरी बसवायचे तर बँक हमीसह अनेक अटी पाळाव्या लागत. मार्च २०२० मध्ये या अटी तात्पुरत्या शिथिल झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये नियमांची नवी चौकट आली, तिने नोंदणीची सक्ती काढून टाकली आणि घरी बसलेला कर्मचारी हा केंद्राचाच विस्तार आहे असे मान्य केले. जून २०२१ मध्ये हे नियम आणखी सैल झाले. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपन्यांचा प्रश्न वेगळा होता, कारण तिथली करसवलत त्या क्षेत्राच्या कुंपणाच्या आत होणाऱ्या कामाशी बांधलेली होती. त्यांच्यासाठी जुलै २०२२ मध्ये घरून कामाचा स्वतंत्र नियम आला. त्यात सुरुवातीला पन्नास टक्के कर्मचाऱ्यांची आणि एका वर्षाची मर्यादा होती, ती पुढे वाढवली गेली. कायद्याने अशी मोकळीक दिली नसती, तर आपल्याकडच्या कंपन्यांना इच्छा असूनही कायमचा निर्णय घेता आला नसता.

आता पैशाकडे येते. बहुतेक लोक समजतात की भाडे वाचते म्हणून कंपन्यांनी हा मार्ग धरला. हे खरे आहे, पण त्यातली एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. कार्यालयाच्या जागेचे करार वर्षा-दोन वर्षांचे नसतात. ते साधारणपणे नऊ वर्षांचे, तीन-तीन वर्षांच्या टप्प्यांत बांधलेले असतात. सुरुवातीची काही वर्षे जागा सोडताच येत नाही आणि दर टप्प्याला भाडे वाढते. म्हणून २०२० मध्ये चार मजले रिकामे पडले असूनही आम्ही त्यांचे भाडे भरतच होतो. बचत झाली ती कराराचा टप्पा संपल्यावर दोन मजले सोडले तेव्हा, आणि तो निर्णय घेताना पुढच्या तीन वर्षांचा विचार करणे भागच होते. एका खुर्चीमागे केवळ भाडे नसते. देखभालीचे शुल्क, वातानुकूलन, जनरेटरचे डिझेल, कॅन्टीनमधली सवलत, सफाई, पहारा आणि बसचे कंत्राट हे सगळे तिला जोडलेले असते. रात्रपाळीत काम करणाऱ्या महिलांसाठी सुरक्षारक्षकासह गाडीची सोय करावी लागते. ती सोय योग्यच आहे, पण अमेरिकेतल्या ग्राहकासाठी रात्री अकरापर्यंत चालणारे काम घरून झाले, तर ती भगिनी मध्यरात्रीच्या प्रवासातूनच सुटते.

तरीही माझ्या मते भाडे हे मुख्य कारण नाही. मुख्य कारण राजीनामे आहेत. एक अनुभवी माणूस नोकरी सोडतो तेव्हा काय काय होते, हे ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांना त्या खर्चाची कल्पना येत नाही. दोन-तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडमध्ये त्याचे मन कामात नसते. बदली माणूस शोधायला भरती संस्थेला मोबदला द्यावा लागतो. नवा माणूस जुन्यापेक्षा जास्त पगार मागतो, आणि तो प्रकल्प समजून घेईपर्यंत त्याच्या शेजारी दुसऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला बसवावे लागते. २०२१ आणि २०२२ मध्ये आयटी क्षेत्रात राजीनाम्यांची लाट आली, तेव्हा दर शुक्रवारी माझ्या टेबलावर परत आलेल्या ओळखपत्रांचा ढीग असे. जाणाऱ्यांशी शेवटची बोलणी करताना पगाराखालोखाल जे कारण मी सर्वाधिक ऐकले, ते प्रवासाचे होते. हडपसरहून हिंजवडीच्या आयटी पार्कला जायचे म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे. वाकडचा पूल आणि भूमकर चौक पावसाळ्यात ज्यांनी पार केला आहे, त्यांना यापुढे काही सांगायची गरज नाही. दिवसाचे तीन-तीन तास रस्त्यावर घालवणारा माणूस संधी मिळताच जातो, आणि त्याला दोष देता येत नाही.

माझे हे निरीक्षण एका कंपनीपुरते आहे असे कोणी म्हणेल, म्हणून एका नीट मोजलेल्या प्रयोगाचा दाखला देते. चीनमधल्या सीट्रिप या प्रवाससेवा कंपनीने २०१० च्या अखेरीस शांघायच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिन्यांचा प्रयोग केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी त्याचे निष्कर्ष तपासत होते. घरून काम करायला तयार असलेल्यांपैकी सम तारखेला जन्मलेल्यांना आठवड्यातले चार दिवस घरी बसवले आणि विषम तारखेवाल्यांना कार्यालयात ठेवले. घरी बसलेल्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्याने घटले. त्याच कंपनीने, आता ट्रिप डॉट कॉम या नावाने, २०२१-२२ मध्ये सोळाशेहून अधिक कर्मचाऱ्यांवर पुन्हा प्रयोग केला. या वेळी त्यात प्रामुख्याने पदवीधर कर्मचारी होते आणि घरून काम आठवड्यातले दोनच दिवस होते. २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार कामाच्या मूल्यमापनात काही फरक पडला नाही, पण राजीनामे एक तृतीयांशाने कमी झाले. ही घट लांबून येणाऱ्यांमध्ये आणि महिलांमध्ये विशेष दिसली. कंपनीने मग ही पद्धत सर्वांना लागू केली. मला यातला सर्वांत बोलका भाग हा वाटतो, की प्रयोगापूर्वी साशंक असलेल्या व्यवस्थापकांचे मत प्रयोगानंतर बदलले.

भरतीच्या बाबतीतही असेच झाले. पूर्वी जाहिरातीत ‘कामाचे ठिकाण पुणे’ असे लिहिले की लातूर, अमरावती किंवा सावंतवाडीत आईवडिलांजवळ राहू इच्छिणारा चांगला अभियंता अर्जच करत नसे. आज सॉफ्टवेअर तपासणाऱ्या आमच्या सर्वोत्तम टेस्टरपैकी एक जण लातूरला राहतो, आणि वीज गेली तर त्याचे काम थांबू नये म्हणून त्याच्या घरचा इन्व्हर्टर कंपनीच्या खर्चाने बसवलेला आहे. बाळंतपणानंतर परतणाऱ्या महिलांचा विषय तर माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आली, आणि कामाचे स्वरूप पाहून त्यानंतर घरून काम देण्याची तरतूदही आली. पण ती उभयपक्षी संमतीवर सोडलेली असल्यामुळे २०२० पर्यंत तिचा लाभ घेतलेली एकही महिला मी पाहिली नव्हती. रजा संपता संपता राजीनामा पाठवणाऱ्या हुशार मुली मात्र मी अनेक पाहिल्या. आता अशा परिस्थितीतल्या बऱ्याच जणी टिकतात, काही वरच्या पदावर पोहोचल्या आहेत, आणि कंपनीने हे उपकार म्हणून केलेले नाही. त्यांचे ज्ञान कंपनीला हवे होते.

हे चित्र सर्वत्र सारखे नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२५ पर्यंत केवळ २५ टक्के कर्मचाऱ्यांना एका वेळी कार्यालयात यावे लागेल, असे २०२० मध्ये जाहीर करणाऱ्या टीसीएस या बड्या आयटी कंपनीने २०२३ मध्ये आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावण्याकडे मोर्चा वळवला. त्यामागची चिंता मला निराधार वाटत नाही. कॉलेजमधून नुकताच आलेला मुलगा शेजारच्या टेबलावरचे संभाषण ऐकत, ज्येष्ठांची चूक आणि तिची दुरुस्ती पाहत शिकतो, आणि हे शिक्षण पडद्यावर मिळत नाही. सीट्रिपच्या पहिल्या प्रयोगानंतरही घरून काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांनी एकटेपणाला कंटाळून कार्यालयात परतणे पसंत केले होते. शिवाय तितक्याच चांगल्या कामासाठी घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी झाली होती. जो डोळ्यांसमोर नसतो तो बढतीच्या यादीतही मागे पडतो. आमच्याकडेही हे घडले, आणि ते लक्षात यायला दोन वर्षे लागली, याची मला खंत आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. कंपनीचा वाचलेला खर्च पुष्कळदा नाहीसा होत नाही, तो कर्मचाऱ्याच्या घरी जातो. वीजबिल वाढते, चांगली खुर्ची लागते, आणि दोन खोल्यांच्या घरात एक खोली दिवसभर बंद ठेवावी लागते, तेव्हा सासूबाई दुपारी स्वयंपाकघरातच आडव्या होतात. मोठा फ्लॅट असलेला व्यवस्थापक आणि भावंडांसोबत एका खोलीत राहणारी नवी मुलगी यांना हे एकच धोरण सारखे लागू केले, तर तो न्याय होत नाही. सोडलेल्या मजल्यांच्या भाड्यातला एक ठरावीक हिस्सा घरून काम करणाऱ्याच्या खुर्चीसाठी, इंटरनेटसाठी आणि विजेसाठी पगारापासून वेगळा दिला पाहिजे, असे मी लेखी मांडले आहे. खुर्ची आणि इंटरनेटचे मान्य झाले आहे. विजेचे अजून व्हायचे आहे.

या नूतनीकरणात आम्ही उरलेले दोन मजले कायम ठेवत आहोत आणि सोडलेले परत घेत नाही. मात्र खालच्या मजल्यावरची रांगेतली टेबले काढून तिथे नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी जागा करायची आहे. पहिले सहा महिने त्यांनी तिथे यायचे आहे, आणि त्या काळात ज्येष्ठांनीही आळीपाळीने आठवड्यातून दोन दिवस त्यांच्याजवळ बसायचे आहे. बाहेरगावाहून येणाऱ्या नव्या मुलांच्या सहा महिन्यांच्या राहण्याचा खर्च कंपनीने उचलावा, असा माझा प्रस्ताव आहे. तो पुढच्या आठवड्याच्या बैठकीत येणार असून त्याचा हिशेब मी बसच्या रद्द झालेल्या कंत्राटातून मांडला आहे.