विनंती थांबा

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एस.टी.त 36 वर्षं काढली. त्यातली शेवटची 11 वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. निवृत्त झाल्यावर त्या खिडकीशिवाय त्यांना करमेना, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. मी शाळेला 7.10 ला निघते ती आज 7.13 ला का निघाले, दूधवाला कुठं अडकला, भांडीवाल्या मावशींची फेरी रद्द होती तर आदल्या रात्री का कळवलं नाही. त्यांना कशाचा तरी नाद लागू दे म्हणून सासूबाईंनी पालीच्या खंडोबाला नवस बोलला. देव नवसाला पावतो, पण नाद कशाचा ते बोलतानाच सांगावं लागतं. ते राहून गेलं.

मग तासगावात एक लग्न आलं. पंगतीत जिलबी फिरत असताना एक गृहस्थ आबांपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "ओळखलं का?"

"व्हय की! न ओळखायला काय झालं?" आबा म्हणाले. गृहस्थांनी आबांच्या वडिलांना गावात काय म्हणायचे ते सांगितलं, दारातल्या दोन म्हशींची आठवण काढली, माझ्या मुलाच्या हातात 50 रुपये ठेवले आणि गर्दीत गेले. सांगलीला परतताना मुलगा नोट हातात धरून म्हणाला, "कोण होते ते?"

"भावकीतले," आबा म्हणाले.

"म्हणजे कोण?"

सांगली येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आबांनी जुनी कॅलेंडरं पाठीकडून एकमेकांना चिकटवली आणि भिंतीवर वंशावळ सुरू झाली.

ती झाडासारखी नव्हती. मूळ पुरुषापासून खाली एक जाड रेघ, तो मुख्य मार्ग. भाऊ वेगळे निघाले की फाटा. निपुत्रिक म्हणजे शेवटचा थांबा. दत्तक गेलेला म्हणजे बदली. सगळं लाल आणि निळ्या पेनानं, वेळापत्रकासारखं.

"आणि सुना?" मी विचारलं.

"त्या दुसऱ्या आगाराच्या," आबा म्हणाले. विनोदानं नाही, माहिती म्हणून.

मूळ गाव विट्याच्या बाजूला. एका रविवारी आबांचे एक चुलत चुलते भेटतील म्हणून मला बरोबर नेलं, कारण माझं अक्षर बरं आहे. चुलत्यांनी प्रेमानं बसवलं, आत चहा सांगितला. आबांनी वही काढली आणि विचारलं, "तुमच्या आज्याला भाऊ किती?" चुलते वहीकडं बघत राहिले.

"वारस नोंद घालायची हाय का?"

"न्हाई. हौस."

"हौस," चुलते म्हणाले. आतून कपांचा आवाज येत होता तो थांबला. बायको दारात आली तिला त्यांनी डोळ्यानंच परत पाठवलं. चहा आला तो 40 मिनिटांनी, आम्हाला जमिनीतलं काही नको असं आबांनी खंडोबाची शपथ घेऊन सांगितल्यावर. मग त्यांनी एक जुना सातबारा आणला. त्यात थोरल्या भावाच्या नावामागं 'ए.कु.मॅ.' असं होतं. मला वाटलं पदवी असेल, बी.ए.सारखी. ते निघालं 'एकत्र कुटुंब मॅनेजर'. रान सगळ्या भावांचं, नाव थोरल्याचं, बाकीचे त्या तीन अक्षरांत कोंबलेले. आत्यांचं विचारलं तर आणखीच नवल. 2005 च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, तेव्हापासून त्या घराण्यात चार पिढ्या कुणालाच बहीण नव्हती.

माणसं सांगेनात म्हणून आबा कागदांकडं वळले. इथं एक अडचण अशी की आमचे आजेसासरे जन्मले सातारा जिल्ह्यात, कारण तेव्हा विट्याचा खानापूर तालुका साताऱ्यात होता. 1949 ला दक्षिण सातारा जिल्हा वेगळा काढला, म्हणून त्यांनी पोरांची लग्नं केली ती दक्षिण साताऱ्यात. 1960 ला त्याचं नाव सांगली झालं आणि म्हातारे वारले सांगली जिल्ह्यात. तिन्ही जिल्हे त्यांनी एकाच ओसरीवर बसून बघितले. एका कचेरीत आम्हाला सांगितलं, हे जुनं आहे, साताऱ्याला बघा. दुसरीकडं सांगितलं, तालुका तुमचा सांगलीत, इथं कशाला आलात? तिसरीकडच्या भल्या माणसानं विचारलं, "नक्की कुठल्या जिल्ह्यातले तुम्ही?" आबा गप्प बसले. ज्या माणसानं हजारो लोकांना कुठली गाडी कुठं लागते ते सांगितलं, त्याला स्वतःचा फलाट सापडेना.

अखेर कोतवाल बुक बघायला मिळालं. गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंद, सगळं मोडीत. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला जावयापेक्षा जास्त मान आला. आम्हाला जे गुरुजी मिळाले त्यांना दोन आठवडे आधी सांगावं लागलं, आणि सकाळी भडंग, दुपारी भाकरी-पिठलं असा बंदोबस्त ठेवावा लागला. मोडीत आधी डोक्यावरची रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, हात न उचलता. शब्द कुठं संपला ते वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नाही. वीस वर्षं चौथीच्या वह्या तपासल्यावर पहिल्यांदा मला आपल्या पूर्वजांचा हेवा वाटला.

गुरुजी बोट फिरवत वाचायचे, मी लिहायची. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. "धोंडी बिन मारुती. मारुती बिन धोंडी. धोंडी बिन मारुती." मला वाटलं ते एकच ओळ परत वाचतायत. पण नातवाला आज्याचं नाव ठेवायची रीत, त्यामुळं घराणंभर दोनच नावं, आळीपाळीनं. त्यात पोरं जगायची नाहीत म्हणून दृष्ट लागू नये असली नावं: धोंडी, दगडू, केरू. आमच्या मुख्य मार्गावर पाच धोंडी झाले. आबांनी त्यांना नंबर दिले.

एक पान मात्र आबांनी दोनदा वाचायला लावलं. 1918 चा ऑक्टोबर, इन्फ्लुएंझाची साथ. आधीच्या वर्षभराच्या नोंदी दोन पानांत मावलेल्या, आणि त्या एका महिन्याला सहा पानं. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. चौथ्या पानावर मध्येच अक्षर बदललं. गुरुजी म्हणाले, "लिहिणारा बदलला बहुतेक." का बदलला ते कुणी विचारलं नाही. आबांनी त्या दिवशी गुरुजींना जेवणाची वेळ झाल्याचंसुद्धा सांगितलं नाही, आणि ही त्यांच्याकडून फार मोठी गोष्ट.

मुलानं मध्ये सुचवलं की आता बाटलीत थुंकी पाठवली की नातेवाईक सापडतात. सासूबाई शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "थुंकून नाती तोडत्यात. जोडत न्हाईत."

सुगीनंतर हेळवी आले. हेळवी म्हणजे पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरून लोकांच्या वंशावळी राखणारे, कन्नड मुलखातले. पूर्वी बैलावर बसून यायचे, आमचे आले मोटारसायकलवरनं. "बैल कुठाय?" आबांनी विचारलं. "तुमच्या तिसऱ्या मजल्यावर चढत न्हाई," ते म्हणाले. चटईवर बसून त्यांनी दप्तर सोडलं आणि सुरात सुरू केलं. न थांबता, श्वास न घेता, दहा पिढ्या. आबांचे डोळे भरून आले. एका ठिकाणी हेळवी थांबले.

"ह्या धोंडीची बायको कुठल्या गावची? माहेर?"

"ते ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले, "पुढं वाचा."

पुढं होतं, मारुती बिन धोंडी, दक्षिणेस गेला. आबांनी हेळव्यांना साडीचोळी, पायलीभर शाळू आणि रोख दिले आणि ते त्या मारुतीच्या मागं लागले. आमच्या भागातली माणसं दक्षिणेस गेली म्हणजे गलाईला गेली. खानापूर-आटपाडीकडं पाऊस नाही, म्हणून जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम हातात घेऊन ती देशभर पसरली. भारतात कुठंही सराफ कट्ट्यावर जा, मागच्या गल्लीत मूस आणि भट्टी घेऊन विट्याकडचा माणूस बसलेला असतो. आबांनी चार फोन केले आणि पाचव्याला कोईमतूरहून आवाज आला, "कोन बोलतंय?"

सापडले! चुलतभाऊ सापडले, त्यांचा गोतावळा सापडला. व्हिडिओ कॉलवर तिकडच्या 23 जणांनी इकडच्या पाच जणांना हात हलवले. त्यांची नातवंडं आपसात तमिळ बोलत होती, पण आमच्याशी मराठी बोलली ती 70 वर्षांपूर्वी गावातनं बाहेर पडलेली, तशीच डब्यात बंद ठेवलेली. एक पोरगी मला म्हणाली, "काकी, आज कोरड्यास काय केलंयसा? आमी माळवं आणाय जातूय." माझा सांगलीत वाढलेला मुलगा कानात कुजबुजला, "माळवं म्हणजे काय गं?"

व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला, 'धोंडी मारुती परिवार'. भिंतीवर 312 नावं झाली. त्यात तासगावचे ते गृहस्थ नव्हतेच, पण आता कुणाला फिकीर नव्हती.

भाद्रपद आला. चतुर्थीला दोन दिवस होते. मुलानं मखरासाठी पुठ्ठ्याची लालपरी केली होती, गणपती त्यात ड्रायव्हरच्या जागी बसणार होता. रात्री पावणेदहाला चारही फोन एकदम वाजले. पडद्यावर ग्रुपचं नाव आणि खाली, "अत्यंत दुःखद बातमी, आपले..." पुढं तीन टिंबं.

"उघडू नका!" सासूबाई ओरडल्या.

कारण भावकीचं सुतक दहा दिवस, आणि ते लागतं कळल्यापासून. कळलंच नाही तर? चारही फोन आम्ही टेबलावर पालथे ठेवले आणि शास्त्रार्थ सुरू झाला. नुसतं 'अत्यंत दुःखद' वाचलं तर कळलं असं होतं का? मुलगा म्हणाला, दुःखद कशाबद्दलही असेल, मॅचबद्दलसुद्धा. ह्यांचं म्हणणं, निळी खूण उमटेपर्यंत सुतक नाही. मी जरा बाजूला होते. माझे वडील गेले तेव्हा मला सुतक तीन दिवसांचं होतं, लेक लग्न होऊन गेलेली म्हणून. आणि तोंड न बघितलेल्या कोईमतूरच्या माणसाचं दहा दिवस, तेही ज्या कागदावर माझं नाव नाही त्याच्या जोरावर. पण शास्त्रार्थात मला कुणी विचारलं नाही. रात्री साडेअकराला ठराव झाला: गौरी-गणपती होईपर्यंत कुणी फोनला हात लावायचा नाही.

पहाटे 5 वाजून 2 मिनिटांनी आबांनी ग्रुपवर लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." चौघांच्या वतीनं, नावांसकट.

"36 वर्षांत कंट्रोलचा निरोप आला आणि मी घेतला न्हाई, असं कधी झालं न्हाई," एवढंच ते बोलले.

ठरवलेली मूर्ती समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी नेली, लालपरीसकट. संध्याकाळी त्यांच्याकडं आरती सुरू झाली की आम्ही आमच्या उंबऱ्याच्या आत रांगेनं उभे राहून आमच्याच गणपतीची आरती ऐकायचो. प्रसादाचे मोदक मोजकेच असतील, पण त्यांचा वास जिनाभर होता.

अकराव्या दिवशी ग्रुपवर गेलेल्या अण्णांचा फोटो आला, वय 92, पांढरी टोपी, पितळी चष्मा. खाली मजकूर, "आमची पणजी धोंडी मारुतींच्या पत्नी मूळ खरसुंडीच्या. अण्णा दर सालाला सिद्धनाथाच्या जत्रेला येत." आबांनी तो मोठ्यानं वाचला, स्टँडवरच्या आवाजात. स्वयंपाकघरातनं लाटण्याचा आवाज थांबला.

"खरसुंडी?" सासूबाई पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. "खरसुंडीची ती खालच्या आळीच्या धोंडीची बायको. आपल्या धोंडीची पलूसची. ते न्हवंत आपल्यातले. त्यांचं देवक कळंब, आपलं पंचपालवी."

"तुम्हाला काय माहीत?"

"आजेसासूला शेवटची दोन वर्सं आंघोळ कोण घालत होतं?"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मला कोण इचारलं?" त्या म्हणाल्या आणि पोळी करपेल म्हणून आत गेल्या.

आबा खोडरबर घेऊन भिंतीपुढं उभे राहिले. कोईमतूरचा फाटा लांबलचक, 61 नावं, त्यातली 23 हात हलवून झालेली. तेवढ्यात फोन वाजला. कोईमतूर. दिवाळीनंतर नातीचं लग्न विट्याला करायचं घाटतंय, पत्रिकेत घरचे वडीलधारे म्हणून आबांचं नाव सगळ्यात वर घालतोय, चालेल ना? आबांनी एकदा खोडरबराकडं बघितलं.

"चालंल की," ते म्हणाले.

मग त्यांनी फाटा जिथं मुख्य मार्गाला मिळत होता तेवढाच एक बोट भाग खोडला, पेन्सिलनं तिथं टिंबटिंब रेघ काढली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'विनंती थांबा'. काढलेली पेन्सिल खाली ठेवायच्या ऐवजी माझ्या हातात दिली, खुर्ची ओढून परत स्वयंपाकघराच्या दारात बसले आणि जरा घसा साफ करून म्हणाले, "अहो, त्या पलूसच्या म्हाताऱ्या आईचं नाव काय होतं?"

आतून तव्याचा आवाज आला. मग सासूबाईंचा.

"म्हायेरचं का सासरचं?"