‘ब्राउझर सगळे सांगतो’ या संदेशाला उत्तर

इंदूरमधील लहान मराठी व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. ग्राहक आणून देणाऱ्याला बक्षीस द्यायचे, तर कोणाच्या शिफारशीवरून ग्राहक आपल्या वेबसाइटवर आला हे ब्राउझरच ‘रेफरर’मधून कळवतो; फारच वाटले तर लिंकला शिफारस करणाऱ्याचा मोबाइल नंबर जोडावा आणि लिंक जितक्या वेळा उघडेल तितक्या शिफारशी धराव्यात, असा त्याचा आशय आहे. तिन्ही विधाने चुकीची आहेत.

रेफररमध्ये आधीच्या वेबपानाचा पत्ता असतो, माणसाचे नाव नव्हे. रामबागेतल्या एखाद्या काकूंनी दिवाळी फराळाच्या ऑर्डरची लिंक नातेवाइकांना पाठवली, तर ती व्हॉट्सॲपमधून उघडते. तिच्यामागे वेबपानच नसल्यामुळे रेफरर बहुधा रिकामा येतो. एसएमएस, पीडीएफ किंवा काउंटरवरचा क्यूआर कोड यांचीही तीच गत. जिथे मागे वेबपान असते तिथेही, त्या पानाने वेगळे धोरण ठरवले नसेल तर, क्रोम हा ब्राउझर २०२० मधील ८५व्या आणि फायरफॉक्स हा ब्राउझर २०२१ मधील ८७व्या आवृत्तीपासून दुसऱ्या साइटला पूर्ण पत्ता न देता केवळ डोमेनपुरती, म्हणजे साइटच्या नावापुरती, माहिती देतात. शिवाय ग्राहक पैसे भरून परतला की शेवटचा रेफरर पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचा, दिसू शकतो, आणि त्यावर विसंबले तर गावातला सर्वांत मोठा शिफारसकर्ता तो गेटवेच ठरेल. कोणत्या साइटवरून वाचक येतात याचा ढोबळ अंदाज घेण्यास रेफरर उपयोगी आहे. बक्षीस वाटण्यास नाही.

त्यासाठी प्रत्येक शिफारसकर्त्याला स्वतंत्र कोड द्यावा लागतो. तो लिंकमधून आला की सर्व्हरने, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या संगणकाने, पहिल्याच भेटीत कुकीत (साइटने ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत) ठेवावा आणि नोंदणी होताच नव्या ग्राहकाच्या डेटाबेसमधील नोंदीत कायमचा लिहावा. कुकी सर्व्हरने लिहावी असे म्हणण्याचे कारण असे की, जावास्क्रिप्टने, म्हणजे पानातच चालणाऱ्या प्रोग्रॅमने, लिहिलेली कुकी सफारी हा आयफोनचा ब्राउझर जास्तीत जास्त ७ दिवस ठेवतो, आणि फराळाची ऑर्डर देण्याचा विचार त्याहून अधिक दिवस चालू शकतो. आयफोनवर इन्स्टाग्रामच्या आत उघडलेल्या पानाची कुकी तर सफारीला दिसतच नाही. म्हणून नोंदणीच्या फॉर्मवर कोड हाताने भरण्याची जागा असावीच.

लिंक उघडण्याची गणना तर सर्वांत फसवी. चॅटमध्ये लिंक चिकटवताच पूर्वदृश्य दाखवण्यासाठी व्हॉट्सॲप स्वतःच ते पान मागवते, म्हणजे समोरच्याला संदेश पोहोचण्याआधीच आकडा एकने वाढलेला असतो. शिफारस धरायची ती पहिल्या पैसे भरलेल्या ऑर्डरवर, एका ग्राहकामागे एकच, आणि स्वतःचाच कोड वापरणाऱ्याला वगळून.

मोबाइल नंबर जोडण्याची सूचना मात्र केवळ चुकीची नाही, घातक आहे. लिंकमधला नंबर ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये (भेटींच्या नोंदवहीत) राहतो, पानावर बसवलेल्या, भेटींची आकडेवारी देणाऱ्या विश्लेषण सेवांपर्यंत जातो आणि लिंक पुढे पाठवली की अनोळखी लोकांच्याही हाती लागतो. मोबाइल नंबर ही वैयक्तिक माहिती आहे आणि तिच्या संरक्षणासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याऐवजी सहा-आठ अक्षरांचा यादृच्छिक कोड पुरतो. त्यात शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक आणि ‘आय’ हे घेऊ नयेत, कारण काकू तो कोड फोनवरूनही सांगणार आहेत.