टार्गेट कुठल्या आतड्याचं?

आमच्या मोठ्या काकांना लहान आतड्याचा कॅन्सर निघाला, त्याआधी आठ महिने सगळे त्याला पित्तच म्हणत होते. हिमोग्लोबिन घसरत होतं, म्हणून लोहाच्या गोळ्या. वरून एंडोस्कोपी झाली, खालून कोलोनोस्कोपी झाली, दोन्ही नॉर्मल. मधलं पाच-सहा मीटर आतडं कुठल्याच दुर्बिणीला दिसलं नाही. सापडला तेव्हा लिव्हरपर्यंत पोचला होता.

मग भाच्याने फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली. कोलन म्हणजे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर टार्गेटेड औषध आहे, काकांना का देत नाहीत? काकूंनी कपाटातून एफडीच्या पावत्या काढल्या, सीटीच्या फिल्मबरोबर कापडी पिशवीत घातल्या आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पिशवी टेबलावर ठेवायच्या आतच ते म्हणाले, "हे करून झालंय. चाललं नाही."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? घरी येऊन शोधलं. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरने लहान आतड्याच्या कॅन्सरवर याच औषधाची चाचणी केली होती, निकाल २०१८ मध्ये छापला. औषध पॅनिट्युमुमॅब. पेशीवरच्या ईजीएफआर नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे वाढीचा निरोप घेणाऱ्या दाराला, ते अडवतं. आतला रॅस जीन बिघडलेला असेल तर औषध व्यर्थ, म्हणून रॅस शाबूत असलेलेच रुग्ण घेतले. कागदावर सगळं चोख. दर चौदा दिवसांनी सलाइनमधून औषध. नऊ जणांना दिलं आणि एकाचीही गाठ आटली नाही. दोघांची काही काळ जागच्या जागी राहिली, सात जणांची वाढत गेली. चाचणी तिथेच थांबवली.

असं का, याचा त्यांनी मांडलेला अंदाज मला फार आवडला. गर्भात आतडं पुढचं, मधलं आणि मागचं अशा तीन भागांतून घडतं. लहान आतडं बहुतेक मधल्या भागातून येतं, कोलनची उजवी बाजूही. आणि कोलनच्या उजव्या बाजूच्या कॅन्सरवरही हे औषध फारसं चालत नाही, डाव्या बाजूला चालतं. म्हणजे आपण "आतडं" म्हणून एकाच पोत्यात भरतो ते औषधाच्या लेखी दोन वेगळी गावं.

यावर कुणीतरी ग्लिव्हेक या दुसऱ्या टार्गेटेड औषधाचं उदाहरण देतंच. बरोबर आहे. २००० साली हेलसिंकीत जिस्ट या पोट-आतड्याच्या दुर्मिळ ट्यूमरच्या एकाच बाईला ते देऊन पाहिलं आणि गाठी आटल्या. पण जिस्ट बहुतेक वेळा किट या एका बिघडलेल्या स्विचवरच जगतो, तो बंद केला की त्याचा श्वास कोंडतो. रिसेप्टर पेशीवर असणं वेगळं, गाठ त्याच्यावरच पोसलेली असणं वेगळं. "टार्गेटेड" या शब्दात हा फरक कुठे ऐकू येतो? आपल्याला फक्त "अचूक नेम" ऐकू येतो.

नऊ म्हणजे फारच थोडे, हे मान्य. पण इतक्या दुर्मिळ आजारात नऊशे रुग्ण आणायचे कुठून? त्या नऊ जणांची चाचणी "फसली" असं कुणी म्हटलं की मला खटकतं. त्यांच्यामुळे काकांच्या तोंडावर या औषधाचं ठरलेलं पुरळ उठलं नाही, शेवटचे महिने त्यात गेले नाहीत. त्यांना साधी केमो मिळाली, मधले चार महिने बरे गेले, आंबे खाल्ले.

पावत्या मोडाव्या लागल्या नाहीत. परवा त्यांतली एक रिन्यू करायला काकूंबरोबर बँकेत गेलो होतो. नॉमिनीच्या रकान्यात अजून काकांचंच नाव होतं.