खुर्चीमागचे काका

खुर्चीवर मी बसले होते, पण खुर्चीच्या पाठीवरचा हात दुसऱ्याचा होता. परवाच्या रविवारची गोष्ट आहे आणि राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे तपशील जरा जास्त येतील.

स्थळ बंगळूर, बसवनगुडी. हॉटेल जुनं. नाव सांगत नाही, कारण डोसा चांगला होता आणि मला तिथे परत जायचंय. दारातल्या माणसाच्या वहीत नाव घालून आम्ही चौघं पाऊण तास फुटपाथवर उभे होतो. चौघं म्हणजे नाशिकची मी, एक सोलापूरकरीण, ऑफिसातला इंदूरचा मुलगा आणि कोट्टायमची एक मुलगी, जी रिक्षात बसल्या बसल्या बिलाचे वाटे करून प्रत्येकाच्या फोनवर मागणी धाडते, वरच्या पंचवीस पैशांसकट. आमच्या आवडीनिवडी जुळतात असं काही नाही. नव्या शहरात मैत्री कोणाशी होते, तर रविवारी सकाळी उठून यायला जो तयार असतो त्याच्याशी.

आत टेबल मिळालं, डोसे आले. बंगळुरी डोसा जाड, बाहेरून कुरकुरीत, आतून लाल चटणी फासलेला आणि वर लोण्याचा गोळा. पहिला घास तोंडात जातोय तोच खुर्ची किंचित हलली. मागे साठीपुढचे एक काका. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी. एक हात माझ्या खुर्चीवर ठेवून ते माझ्या ताटात बघत होते.

मी सोलापूरकरणीला मराठीत म्हटलं, "हे काय माझा डोसा मोजतायत?"

"मराठी काय तुम्ही?" मागून आवाज. "मी बेळगावचा. खडेबाजारात घर हाय आमचं. उठतासा कधी?"

हा प्रश्न आणि ही ओळख एकाच श्वासात आली. परक्या शहरात मराठी कानावर पडलं की कोणाचाही चेहरा उजळतो. माझाही उजळला, आणि उजळलेल्या चेहऱ्याने 'आम्ही आत्ताच बसलोय' हे ठणकावून सांगता येत नाही. काकांना हे पक्कं ठाऊक असावं.

"आत्ताच आलाय होय? खावा, खावा. सावकाश खावा," काका म्हणाले. मग चार सेकंदांनी, "डोसा गार झाला की चामडं हुतंय."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की काका एकटे नाहीत. कोट्टायमवालीच्या मागे काकू उभ्या होत्या. इंदूरकराच्या मागे त्यांचा मुलगा, फोनमध्ये डोकं घालून, पण गुडघा खुर्चीला टेकवून. सोलापूरकरणीच्या मागे सून, कडेवर साधारण दोन वर्षांचा नातू. कबड्डीत साखळी करून चढाईपटूला घेरतात तसं आम्हाला रीतसर घेरलं होतं. नातू मात्र प्रामाणिक. त्याने सरळ हात खाली करून सोलापूरकरणीच्या ताटातला बटाटा उचलला.

"घेऊ दे हो, लहान हाय," काका म्हणाले. हे वाक्य खरं तर सोलापूरकरणीने म्हणायचं होतं.

मग विचारपूस सुरू झाली. कुठल्या? नाशिकच्या. द्राक्षं! काय करतासा? कॉम्प्युटर. सगळेच कॉम्प्युटर. लग्न? नाही. त्यावर मागे एक छोटी शांतता झाली. माझ्या न झालेल्या लग्नाचं त्यांना वाईट वाटलं असावं, आणि मी घास चावतेय याचंही. राहतासा कुठं, भाडं किती, डिपॉझिट किती? मी आकडा सांगितला. आमच्या घरमालकाने दहा महिन्यांचं भाडं आगाऊ धरून ठेवलंय. आई अजूनही फोनवर विचारते की तू भाड्याने घेतलंयस की विकत.

"तीन लाख!" काकांनी खुर्चीवरचा हात पहिल्यांदा उचलला. "आनी बघा, हे शहाजीराजांचं गाव!"

आता इथे थोडं थांबते, कारण काकांचं म्हणणं खरं आहे. 1638 मध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने इथल्या केंपेगौडा राजांकडून बंगळूर जिंकलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. राजांचा मुक्काम इथे बराच काळ होता. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस मोगलांच्या हाती पडून हे गाव म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेलं, आणि किंमत सांगितली जाते ती तीन लाख रुपये. अख्खं गाव, किल्ल्यासकट. आज तेवढ्यात माझा दोन खोल्यांचा फ्लॅट नुसता अडवून ठेवता येतो.

म्हणजे हिशेबाने काका आणि मी एकाच जहागिरीचे वारस. "मग काका," मी म्हटलं, "आपलंच गाव आहे तर बसू द्या की दहा मिनिटं."

काका मनापासून हसले. "बेळगावला आलासा की घरी या. कुंदा खाऊ घालतो. चार दिवस ऱ्हावा." आणि मग, माझ्या खांद्यावरून वाकून, "तेवढा कोपरा ऱ्हायलाय न्हवं? खाऊन घ्या."

बेळगावात चार दिवस, बसवनगुडीत चार घास. एवढं सढळ आमंत्रण मला आजवर कोणी दिलं नव्हतं आणि एवढ्या प्रेमाने उठवलंही नव्हतं. त्यांना धड उलट बोलताही येईना. तोच माणूस हिंदीत किंवा इंग्रजीत गुरकावला असता तर मी मुद्दाम आणखी एक खारा बाथ, म्हणजे इथला तिखट उपमा, मागवला असता.

आणि नेमका त्याच वेळी इंदूरकर, जो एरवी फक्त पोहे कुठे बरे मिळतात यावर बोलतो, त्याने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "यार, एक बात बतानी थी तुम लोगों को."

त्याच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. आम्ही तिघीही थांबलो. त्याच्यामागचा काकांचा मुलगाही फोनमधून वर बघू लागला. काकूही पुढे झुकल्या. सात माणसं आणि एक नातू कान देऊन उभे-बसलेले असताना माणूस काय बोलणार? तो म्हणाला, "कुछ नहीं, कॉफी बोलते हैं पहले."

वेटर शेजारीच होता. मी म्हटलं, दोन कॉफी, बाय टू. म्हणजे दोनाच्या चार. ही इथली सुंदर पद्धत आहे, अर्धी कॉफी घेऊन पूर्ण वेळ बसायची. काकांनाही ती माहीत होती. त्यांनी माझ्या डोक्यावरून वेटरला सांगितलं, "कॉफी बेडा. बिल कोडी."

माझं कन्नड भाजीवाल्यापुरतं आहे, पण 'बेडा' मी रोज पिशवी नको म्हणताना वापरते. काकांनी आमची कॉफी रद्द केली होती. आणि वेटरने मान डोलावली. माझ्याकडे बघितलंही नाही! मी गिऱ्हाईक होते, ताट माझं होतं, पैसे माझे जाणार होते, आणि वेटर बिल घेऊन आला तो काकांच्या शब्दावर.

"बाहेर उभ्यानं प्या की," काकांनी समजूत घातली. "दर्शिनी हाय कोपऱ्यावर. टेबल अडवून कशाला?"

दर्शिनी म्हणजे इथली उभ्याने खायची हॉटेलं. पहिली 1983 मध्ये जयनगरात निघाली. स्वच्छ, स्वस्त, झटपट, पाच मिनिटांत इडली पोटात आणि तुम्ही रस्त्यावर. कल्पना झकास आहे, ऑफिसच्या सकाळी मीही तिथेच खाते. पण माझं म्हणणं असं की रविवारी मला खायचं नसतंच. मला बसायचं असतं. डोसा हे बसायचं भाडं आहे.

नाशिकला बसायला पैसे लागत नव्हते. गोदाघाटाच्या पायऱ्यांवर कोणी मागे येऊन उभं राहत नाही. गंगापूर रोडकडच्या मळ्यांत मिसळ खायला गेलं तर आंब्याखाली खाट टाकून देतात, पापड येतो, दही येतं, जिलबी येते, आणि अकरा वाजता गेलेली माणसं दीडला उठतात. कोणाचं भांडण मिटतं, कोणाचं लग्न ठरतं. इथे आमच्या गल्लीतल्या बागेला 2024 पर्यंत दुपारी कुलूप असायचं. मॉलमध्ये बाकावर टेकलं की सुरक्षारक्षक फेऱ्या वाढवतो. घरी बोलवावं तर एक व्हाइटफील्डला, एक बन्नेरघट्टा रोडला, आणि मधल्या सिल्क बोर्ड चौकात मैत्री संपते.

मध्ये एकदा म्हटलं, शहराबाहेर जाऊ, निवांत बोलू. नंदी हिल्स. सूर्योदय बघायला रात्री तीनला निघालो. पायथ्याशी पोचलो तर पुढे डोंगरभर गाड्यांचे लाल दिवे. सूर्य गाडीतच उगवला, ढगाआड, आणि आम्ही चौघं एकमेकांच्या खांद्यावर झोपलेले. तेही बरं होतं म्हणा. निदान कोणी उठवलं नाही.

तर बिल दिलं. मी उठायला खुर्ची मागे सरकवायच्या आत काकांनी ती सरकवली, सौजन्याने, आणि मी पूर्ण उभी राहायच्या आत ते बसलेही. खाली बसून त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "बरं वाटलं बघा बोलून. आपली माणसं भेटत न्हाईत हितं."

खोटं बोलत नव्हते ते. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. या गोष्टीचाच मला जास्त राग आहे.

बाहेर फुटपाथवर वहीवाल्याभोवती पुढची पलटण उभी होती. आम्ही इंदूरकराला घेरलं. काय सांगत होतास? तो म्हणाला, "छोड़ो, फिर कभी." सोलापूरकरणीचा अंदाज, नोकरी सोडतोय. कोट्टायमवालीचा, मुलगी बघितलीय. मला त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही वाटलं नव्हतं, आणि म्हणून काळजी वाटत होती. पण रिक्षा आल्या, आणि मिनिटभराने फोनवर पंचवीस पैशांसकट मागणी आली.

सोमवारी तो ऑफिसच्या लिफ्टमध्ये भेटला. मी म्हटलं, आता सांग. लिफ्टमध्ये आणखी सहाजण होते. तो म्हणाला, या रविवारी सांगतो, इंदिरानगरला एका कॅफेत टेबल बुक केलंय, आपलं नाव लावून, मागे कोणी उभं राहत नाही. फक्त नव्वद मिनिटांचा स्लॉट आहे.

"पुरतील का नव्वद मिनिटं?" मी विचारलं.

त्याने खरंच विचार केला. चौथा मजला गेला, पाचवा गेला.

"स्टार्टर नहीं मँगाया तो," तो म्हणाला.