परीक्षणाच्या रकान्यात न मावणारे जपानी देव

चित्रपटांवरून महाराष्ट्रात पेटणारे वाद अमेरिकेत बसून वाचताना जाणवते, की ते बहुधा बंदीच्या मागणीपाशीच येऊन थांबतात. इथल्या ख्रिस्ती समीक्षकांची रीत निराळी आहे, आणि अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनपटांच्या बाबतीत तिचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही उघड होतात.

कोलोरॅडोतील ‘फोकस ऑन द फॅमिली’ ही इव्हँजेलिकल (बायबलप्रामाण्य मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाची) संस्था ‘प्लग्ड इन’ या नावाने परीक्षणे प्रसिद्ध करते. त्यांत चांगल्या बाबी, आध्यात्मिक आशय, लैंगिक प्रसंग, हिंसा, शिवराळ भाषा, दारू असे रकाने असतात. कशात काय आहे ते तपशिलाने सांगितले जाते आणि मुलांना दाखवायचे की नाही, हा निर्णय पालकांवर सोडला जातो. ही सौम्यता अर्थात उपजत नव्हे. १९३४ मध्ये कॅथलिकांच्या ‘लीजन ऑफ डीसन्सी’ने आक्षेपार्ह चित्रपट न पाहण्याच्या शपथा लोकांकडून घेतल्या होत्या.

घोटाळा होतो तो ‘आध्यात्मिक आशय’ या रकान्यात. ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) या जपानी चित्रपटात देवांच्या स्नानगृहात राबणारी मुलगी चिखलाने बरबटलेल्या एका पाहुण्याच्या अंगातून सायकल आणि ढिगाने कचरा ओढून काढते, तेव्हा तो नदीचा देव असल्याचे कळते. शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्मश्रद्धेत नदी, डोंगर, झाड यांत ‘कामी’, म्हणजे देवता, वसतात. एकेश्वरवादी रकान्यात मात्र ते भुताखेतांच्या आणि जादूटोण्याच्या शेजारी जाऊन बसतात, त्यामुळे चित्रपटाचा नैतिक गाभाच धोक्याच्या सूचनेखाली नोंदला जातो. डोहाकाठच्या साती आसरांना ओटी भरणाऱ्या घरातल्या माणसाला हा देव समजावून सांगावा लागत नाही. उलट ‘इव्हँजेलियन’ या अ‍ॅनिमे मालिकेतील क्रूस केवळ आकर्षक दिसतात म्हणून वापरल्याचे तिच्या साहाय्यक दिग्दर्शकानेच सांगितले आहे, तिथे ईश्वरशास्त्र शोधणे व्यर्थ आहे.

गंमत अशी, की बायबलकथांची ‘सुपरबुक’ ही मालिका अमेरिकेच्या ‘ख्रिश्चन ब्रॉडकास्टिंग नेटवर्क’साठी १९८१ मध्ये तात्सुनोको या जपानी स्टुडिओनेच घडवली. जपानचे युगो साको आणि भारतीय अ‍ॅनिमेटर राम मोहन यांच्या रामायणावरील अ‍ॅनिमेशनपटाच्या वेळी मात्र परकीयांनी रामाचे ‘कार्टून’ करावे का, असा आक्षेप भारतातून घेतला गेला. तोच चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे चित्रपटगृहांत पुन्हा झळकला.

मला इथल्या परीक्षणांतला तपशील हवा आहे, त्यामागची भीती नको. भारतात २०२४ पासून ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा अशा) प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे झाले आहेत. पण तेरा वर्षांच्या मुलाशी पडद्यावरच्या परक्या देवाविषयी काय बोलावे, हे सांगणारी परीक्षणे मराठीत नियमितपणे लिहिली जायला हवीत.